कोंडलेलं पान

डाग पाहिल्याबरोबर उपासनाला सगळं कळलं. आपल्याला कळलंय हे घरात कुणाला कळू नये, म्हणून तिनं ती साडी लेकीच्या, मैत्रीच्या दुपट्यांच्या गाठोड्यात, अगदी तळाशी, कोंबून टाकली.

वर्षावासातला रविवार होता. ग्रंथवाचनासाठी सासूबाई शेवंताबाई, नवरा बुद्धप्रिय आणि बेळगावहून आलेले थोरले दीर-जाऊ, दीपंकर नि सुविधा, असे सगळे विहारात गेले होते. मैत्रीचा खोकला हटत नव्हता म्हणून उपासना मागं राहिली. पोर झोपली तशी ती जिन्याखाली साठलेल्या परतीच्या पार्सलांकडं वळली. कित्येक दिवस त्यांना हात लावायचा धीर झाला नव्हता. एखादं माणूस रुसून परत यावं तशी ती पाकिटं तिथं तोंड फिरवून बसली होती.

पहिलंच पाकीट कापलं. पांढरी सुती साडी, निळे काठ. वरची घडी स्वच्छ. दुसरी घडी उलगडली आणि डाग दिसला. गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फोटोत हा डाग नुसता ठिपका वाटायचा, चहा सांडल्यासारखा. हातात धरल्यावर तसं वाटेना. त्याला मधोमध शीर होती, शिरेला फाटे होते, टोकाला लांबट शेपटी होती. पिंपळपान तपकिरी पाण्यात बुडवून कुणी कापडावर ठेवावं तसा अख्खा ठसा. तिनं वास घेतला. ओल्या पाल्याचा.

पान शेवंताबाईंचं होतं.

विहाराच्या अंगणातलं ते पिंपळाचं झाड उपासनाचे सासरे देवाप्पा यांनी तंबाखूच्या वखारीत हमाली करत असताना लावलेलं. ते गेले त्याच वर्षी उपासनानं साड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. वंदनेला, लग्नाला, धम्मचक्र दिनाला नेसायला चांगली पांढरी साडी निपाणीच्या दुकानांत मिळता मिळत नव्हती, त्यावरून सुचलेलं. पहिली साडी पॅक होत असताना शेवंताबाईंनी कनवटीचं एक वाळकं पान काढून घडीत सरकवलं होतं. "ह्यांच्या झाडाचं हाय. जाऊ दे संगं." तेव्हापासून पानाशिवाय साडी बाहेर पडली नाही. झाडाचं पान तोडायचं नाही, खाली पडलेलंच घ्यायचं, हा शेवंताबाईंचा नेम. गिऱ्हाइकं साडीपेक्षा पानाबद्दलच जास्त लिहायची. नागपूरच्या एका बाईनं तर ते फ्रेम करून घेतलं होतं.

मग या पावसाळ्याच्या तोंडावर, जिच्या साइटवर दुकान होतं त्या कंपनीचे नियम बदलले. आधी उपासना साडी कागदी पाकिटात घालायची. आता प्रत्येक नग हवाबंद, चिकटपट्टीच्या प्लॅस्टिक पिशवीत हवा. आणि परत येणाऱ्या मालाचं प्रमाण ठरल्या हद्दीबाहेर गेलं की दुकान बंद. उपासनानं हे सगळं रात्र-रात्र वाचून काढलं होतं, पिशव्या मागवल्या होत्या, बारकोड छापून घेतले होते. कुठं चुकायला नको म्हणून ती एवढी जपली होती, की पिशवीत काय काय जातंय याकडंच तिचं लक्ष गेलं नाही. उन्हाळ्यातली कुरकुरीत पानं केव्हाच संपली होती. शेवंताबाई पावसात पडलेली पानं पुसून, गादीखाली दाबून घालत होत्या. कागदातून ओल निघून जायची. प्लॅस्टिकमधून कुठं जाणार?

परवा कंपनीचा निरोप आला होता. डागांचं कारण काय आणि ते कायमचं कसं दूर केलं, हे उद्या संध्याकाळपर्यंत लिहून द्या. उत्तर पटलं नाही तर दुकान बंद. दसरा तोंडावर आलेला, धम्मचक्र दिनाच्या सगळ्या ऑर्डरी त्यातच.

बाहेर गाडी थांबली. उपासनानं गाठोड्याला गाठ मारली.

*

"आमच्या कारखान्यात असं झालं असतं तर दोन तासांत मुळाशी गेलो असतो," दीपंकर हात धुता धुता म्हणाला. तो बेळगावच्या उद्यमबागेत एका ओतकाम कारखान्यात इंजिनियर होता आणि जगातल्या सगळ्या अडचणी त्याला साच्यातल्या फटींसारख्या दिसायच्या. "डाग पडतोय म्हणजे सूत खराब. सूत खराब म्हणजे विणकर बदलायचा. संपलं."

"तुझ्या कारखान्यातनं साड्या निघत्यात व्हय रं?" शेवंताबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"आई, क्वालिटी ही क्वालिटी असतीय. लोखंड काय नि लुगडं काय."

"मग तुझ्या बायकूला लोखंड नेसव."

सुविधा हसली नाही. ती बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकवायची, निपाणीला आली की गप्प असायची. तो गप्पपणा उपासनाला कायम वरचढ वाटत आला होता. आत्ताही ती ताटं मांडत होती, आणि मांडता मांडता उपासनाकडं बघत होती.

जेवायला बसल्यावर दीपंकरनं सगळं मांडलं. त्याच्या ओळखीचा एक व्यापारी तयार माल द्यायला राजी होता. कंपनीला लिहायचं की वडगावच्या विणकराचं सूत सदोष निघालं, त्याला बंद केलं, नवा पुरवठादार घेतला. "कंपनीला हेच वाचायचं असतंय. कारण आणि उपाय. नाव घालून लिही, म्हणजे खरं वाटतंय."

"नागेंद्रचं नाव?" उपासनानं विचारलं.

"मग काय माझं?"

वडगावच्या नागेंद्रकडं घरातच यंत्रमाग होते. बेळगावात चार जणांनी, बिनबुट्ट्याची पांढरी साडी कोण घेणार, म्हणून उपासनाला परत पाठवलं होतं. नागेंद्रनं मात्र विचारलं होतं, "निळा कुठला पाहिजे ताई, आभाळाचा का शाईचा?" आणि तिच्यासमोर दोन्ही धागे उन्हात धरले होते. त्या वेळी ती सात महिन्यांची पोटुशी होती. त्याच्या बायकोनं, जयाबाईनं, तिला मागाशेजारी बसू दिलं नव्हतं. आवाजानं पोर दचकतंय म्हणाली होती.

"आत्ताच सांगून टाकतो," दीपंकरनं फोन काढला आणि ताटाशेजारी स्पीकरवर ठेवला.

पलीकडं मागांचा खडखडाट. मग नागेंद्रचा वरचा आवाज, "हां अण्णा! जय भीम! बोला की!"

दीपंकरनं सांगितलं. डाग, सूत, कंपनी. नागेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सूत तर त्येच हाय अण्णा. मिल बी तीच. मी ट्यूबलाइटखाली धरून बघतो एकेक. ताईंनी बघितलंय... ताई हाईत का तिथं?"

सगळ्यांनी उपासनाकडं पाहिलं.

"हाय," ती म्हणाली.

"ताई, एक साडी धाडा की माघारी. बघतो मी, कुठं चुकलं."

उपासनाच्या तोंडात घास होता. तो गिळायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दीपंकर म्हणाला, "ते सगळं टाकून दिलं. तुमचं पुढचं काम थांबवा आता," आणि फोन बंद झाला.

"गरीब हाय बिचारा," शेवंताबाई म्हणाल्या. "पण सूत खराब असंल तर आपुन काय करायचं? माझं पान बी फुकट जातंय त्यात."

*

भांडी घासायच्या निमित्तानं उपासनानं बुद्धप्रियला मागच्या अंगणात गाठलं. तो तहसील कचेरीत होता. दिवसभर कन्नडमधून अर्ज वाचून घरी आला की त्याला कुणाचंच म्हणणं ऐकायचं नसायचं. तरी त्यानं ऐकलं. तिनं साडी दाखवली. त्यानं डागावर बोट फिरवलं, शिरेवरून शेपटीपर्यंत.

"आईला सांगू नको," तो म्हणाला.

"अहो, पण नागेंद्र..."

"त्याला दुसरी गिऱ्हाइकं हाईत. आईला काय हाय? आप्पा गेल्यावर सहा महिने ती उठत नव्हती, बघितलीयस ना तू? पानं गोळा करायला लागली तेव्हा उठली. आता तिला सांगायचं, की तुझ्या पानानं सुनेचं दुकान बुडालं?"

"मग मी खोटं लिहू?"

"अण्णा सांगतोय तसं लिही. पानं मी हळूच काढून टाकत जाईन, तिला कळणार नाही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "नाहीतर बंद कर दुकान. पोरीचा खोकला बघ, तुझी झोप बघ. कुणी म्हणणार नाही की तुला जमलं नाही."

हे शेवटचं वाक्य मायेनं म्हटलेलं होतं, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. एम. कॉम. झालेली, कॉलेजात तासांवर शिकवायला जाणारी उपासना. मैत्रीच्या वेळी घरी बसली, त्यानंतर हे दुकान तेवढंच तिच्या नावावर होतं. मोबाइलवर दुकान उघडलं की वर तिचं नाव यायचं, नुसतं तिचं. ते नाव दसऱ्याला दिसणार की नाही, हे आता तिच्याच चार ओळींवर होतं. खोट्या ओळी लिहिल्या तर बहुतेक दिसणार. खऱ्या लिहिल्या तर? 'आमच्याच हातून झालं' असं लिहिणाऱ्याला कंपनी ठेवते की काढते, ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

मैत्री खोकली. उपासना आत धावली. खोलीत सुविधा तिला कडेवर घेऊन पाठीवर थोपटत होती. गाठोडं सुटलेलं होतं.

"दुपटं शोधत होते," सुविधा म्हणाली. "तर ते विस्कटलेलं दिसलं. तुला साडी घेऊन मागं जाताना पाहिलं. साडी होती ना यात?"

उपासनानं हातातली साडी मागं नेली आणि लगेच कळलं, की मागं नेणं म्हणजेच सांगणं.

"जेवताना तुझं तोंड बघितलं मी," सुविधा म्हणाली. "नागेंद्रनं माघारी मागितली तेव्हा. तुला ठाऊक हाय काहीतरी."

उपासनानं साडी पसरली. सुविधानं ठशावर वाकून वास घेतला.

"अण्णांना सांगू का मी?" उपासनानं विचारलं.

"त्यांना सांगशील तर ते आईंना मोठ्यानं सांगतील. कारखान्यातल्यासारखं." मैत्रीला तिच्याकडं देत सुविधा म्हणाली, "माझ्या आईला ऐकू येईना तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, तिला वाईट वाटायला नको म्हणून काही बोलायचं नाही. सगळे तिच्यासमोर नुसते हसायचे. ती शेवटी म्हणाली, तुम्ही मला मेलेल्यात धरलंय का गं? सांगायचंच असेल तर आईंना सांग. त्यांच्या पाठीमागं नको."

"तुम्ही येता आक्का?"

"मी दारात उभी राहते. हे आले तर ह्यांना चहाला लावते."

इतक्या वर्षांत जावेनं तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम. उपासनाला रडू यायला लागलं, पण मैत्री कडेवर होती.

*

शेवंताबाई पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर जुनी वर्तमानपत्रं, त्यांत सकाळी विहारातून आणलेली पानं. फडक्यानं एकेक पान पुसून कागदावर ठेवायचं, वर दुसरा कागद, पुन्हा पान. शेजारी कालच चिकटवून ठेवलेल्या पिशव्यांची चळत, कुरिअरवाल्याची वाट बघत असलेली.

"ये गं. पोरगी निजली न्हाय अजून?" त्या म्हणाल्या. "हे बघ, ह्याची शेपटी किती लांब हाय. हे त्या पुण्याच्या बाईला घालू."

उपासनानं मैत्रीला पलंगावर ठेवलं आणि काही न बोलता साडी त्यांच्या पुढ्यात उलगडली. आधी काठ, मग ती घडी. ठशाशेजारी त्यांच्या मांडीवरचं पान आपोआप आलं. दोन्ही एकाच मापाची.

शेवंताबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"कुणी केलं हे?"

"आई, सूत चांगलं हाय. पान ओलं होतं. पिशवी बंद असतीय आता, ओल बाहेर जाईना."

"पान कसं डाग पाडंल? बोधीचं पान हाय ते." त्यांचा आवाज चढला. "आप्पांच्या झाडाचं. इतक्या साड्यांत घातलं, पाडला व्हय डाग कधी? त्या पिशवीनं पाडला असंल. त्या प्लॅस्टिकनं."

"पिशवी बी कारण हाय. पण..."

"मग त्यांस्नी सांग की! पिशवी बदला म्हणावं. तुमच्या नियमापायी माझं पान..."

"आई."

शेवंताबाईंनी चळतीतली एक पिशवी ओढली. चिकटपट्टी नखानं उचकटली. आतला वास बाहेर आला आणि त्या थांबल्या. तो वास त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उभा जन्म त्यांनी वखारीत तंबाखूची पानं चाळली होती. नव्या पोरींना त्याच दम द्यायच्या: ओलं पान कोंडू नका गं, घाम फुटतो त्याला, काळं पडतंय. एकदा त्यांनी मुकादमाला सगळ्यांसमोर ओल्या गठ्ठ्यावरून सुनावलं होतं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की बुद्धप्रिय त्यांच्या आवाजात ती म्हणून दाखवायचा.

त्यांनी घडीत बोट घातलं. बाहेर काढलं. बोटाला तपकिरी पाणी.

"तंबाखूचं पान असतं तर मी हात बी लावला नसता," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, हे पान वायलं हाय, त्या पानासारखं न्हवं."

मैत्रीनं कागदावरचं पान उचललं आणि तोंडाकडं नेलं. शेवंताबाईंनी ते सवयीनं तिच्या हातातून काढून घेतलं आणि तसंच धरून बसल्या.

"कवा कळलं तुला?"

"सकाळी."

"म्हंजे जेवताना ठावं हुतं? तो बिचारा साडी मागत हुता तवा?"

उपासनानं मान डोलावली.

"माझ्यासाठी गप बसलीस?"

खरं उत्तर एवढं सोपं नव्हतं. सासूबाईंसाठी, आणि दुकानासाठी, आणि दीपंकरच्या आवाजासाठी, आणि तोंडातल्या घासासाठी. "भ्याले," ती म्हणाली.

"भ्यायचं काय त्यात? पान माझं हाय, तोंड माझं हाय." शेवंताबाईंनी हाक मारली, "दीपंकर! फोन आण रं तुझा!"

तो आला. मागून बुद्धप्रिय आला, साडी बघून त्यानं उपासनाकडं डोळे मोठे केले. दारातली सुविधा बाजूला झाली नाही, त्यामुळं दोघं भाऊ उंबऱ्यातच अडकले.

"लाव त्या नागेंद्रला."

"आई, आता कशाला? मी सांगितलंय त्याला..."

"तेच म्हणून लाव."

दीपंकरनं साडीवरचा ठसा बघितला, आईच्या हातातलं पान बघितलं. पहिल्यांदाच त्याला कारण आणि उपाय दोन्ही एकदम सुचले नाहीत. त्यानं नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

शेवंताबाईंनी तो एका हातानं कानाशी धरला. वखारीत शिकलेलं त्यांचं कन्नड मोडकंतोडकं होतं, पण त्यात त्यांना लाज कधीच वाटायची नाही. "तप्पु नम्दु री," त्या म्हणाल्या. चूक आमची. मग पुन्हा, मोठ्यानं, जणू पहिल्यांदा म्हटलेलं पोचलं नसावं. "सुताची न्हाय. तुमची न्हाय. मी ओलं पान घातलं साडीत. मी, दीपंकरच्या आईनं."

पलीकडं मघाचा खडखडाट नव्हता. उपासनाच्या ते आधी लक्षात आलं, मग शेवंताबाईंच्या.

"माग का बंद हाय?"

नागेंद्रचा आवाज फोनच्या बाहेरही ऐकू आला, थकलेला. "अण्णांचा फोन आल्यापास्नं बंदच हाय मावशी. बायकू नि मी सूत तपासतोय. अख्खी कांडी उलगडली. घावंना काय. तिला म्हणालो, डोळं गेलं असतील माझं."

दीपंकर खिडकीकडं वळला आणि बाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"न्हाय गेलं," शेवंताबाई म्हणाल्या. "चांगलं हाईत तुमचं डोळं. माझंच चुकलं."

उपासना उठली. तिनं चळतीतली दुसरी पिशवी उघडली, तिसरी उघडली, घड्यांतून पानं काढून वर्तमानपत्रावर ठेवायला लागली. सुविधा येऊन शेजारी बसली. साड्यांना मोकळी हवा लागली तसा खोलीभर ओला वास पसरला. मग एका हातानं मोबाइल काढून उपासनानं कंपनीच्या चौकटीत लिहायला सुरुवात केली. 'डाग आमच्या घरी पडले. कापडाचा किंवा विणकराचा दोष नाही. आम्ही साडीसोबत झाडाचं पान घालत होतो. यापुढं घालणार नाही.' शेवटचं वाक्य लिहून तिनं सासूबाईंकडं पाहिलं. फोन कानाशी तसाच, पण त्यांनी हातातलं पान कागदावर, बाकीच्या पानांवर ठेवलं. उपासनानं बटण दाबलं. उत्तर काय येईल ते उद्या.

"मावशी, मग सुरू करू न्हवं?" नागेंद्र विचारत होता.

"व्हय की. करा. आत्ताच करा. मी धरते फोन."

पावलांचा आवाज, कुणाला तरी मारलेली हाक, मग एक खटका. आणि मग माग धावायला लागला. शेवंताबाईंनी फोन कानापासून जरा लांब केला, पण बंद केला नाही. आवाजानं मैत्री दचकली. तिला एका हातानं पोटाशी घेऊन त्या ऐकत बसल्या.